खेळाडू मुलांचे पोट दुखते तेव्हा

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला, की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार घेऊन मुले येऊ लागतात. "डॉक्टर, पळताना पोटात दुखतं." "चढाई करताना कुशीत चमक भरली." "खोकलं तरी पोटाला ओढ बसते." बरोबर कधी वडील असतात, तर कधी शाळेचे क्रीडाशिक्षक. सर्वांचा प्रश्न एकच असतो, परवाच्या सामन्यात उतरू द्यायचे की नाही?

काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात पाहिलेले दोन रुग्ण मला या प्रश्नाच्या वेळी नेहमी आठवतात. पहिला नववीतला कबड्डीपटू. पकडीतून निसटताना त्याचे अंग उलट दिशेने वळले आणि उजव्या बाजूला खाली जोराची कळ आली. वडील घाबरून गेले होते. शेजारच्या मुलाचे अपेंडिक्सचे ऑपरेशन नुकतेच झालेले. "साहेब, कापायला लागणार का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तपासणीत पोटाच्या तिरक्या स्नायूला ताण बसल्याचे दिसले. मुलगा तीन आठवड्यांच्या विश्रांतीने बरा झाला.

दुसरी दहावीतली लांब उडी मारणारी मुलगी. सरावानंतर तिचे बेंबीजवळ दुखू लागले, रात्री उलटी झाली आणि दुसऱ्या दिवशी ती उजवा पाय ओढत चालू लागली. "उडी मारताना मांडीला ओढ बसली असेल," असे घरच्यांनी ठरवले. दोन दिवस तेल लावून पोट चोळले, गरम विटेने शेकले. तिसऱ्या दिवशी ताप चढला, पोट फुगले, तेव्हा तिला आणले. अपेंडिक्स फुटलेले होते. वेळेवर आली असती तर दोन-तीन दिवसांत घरी गेली असती. तिला बरेच दिवस रुग्णालयात राहावे लागले.

एकाच्या बाबतीत अपेंडिक्सची भीती वाटली आणि निघाला स्नायू. दुसरीच्या बाबतीत स्नायू म्हणून सोडून दिले आणि निघाले अपेंडिक्स. खेळणाऱ्या मुलाच्या पोटदुखीत खरा प्रश्न हाच असतो, की दुखणे पोटाच्या भिंतीचे आहे की भिंतीच्या आतले? याचा अंदाज पालकांना आणि शिक्षकांना घेता आला, तर निम्मी काळजी कमी होते आणि निम्मे धोके टळतात.

पोटाची भिंत कशी असते?

पोटावर नुसती कातडी आणि चरबी नसते. त्याखाली स्नायूंचे थर असतात. छातीच्या पिंजऱ्यापासून ओटीपोटाच्या तळाच्या हाडापर्यंत, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी उभे जाणारे दोन लांब स्नायू असतात. व्यायाम करणाऱ्या मुलाच्या पोटावर ज्या पट्ट्या दिसतात त्या यांच्याच. दोन्ही कुशींत एकावर एक असे तिरक्या स्नायूंचे दोन थर आणि त्यांच्या आत आडव्या स्नायूचा एक थर असतो. कमरेतून वळणे, वाकणे, खोकणे, जोर करणे, फेकणे, उडी मारणे या सर्व क्रियांत हे स्नायू काम करतात. पाय आणि हात यांना जोडणारा मधला सांधाच म्हणा ना!

स्नायू म्हणजे बारीक धाग्यांचा जुडगा. तो ताणलेला असताना त्याच क्षणी त्याला जोराने आखडावे लागले, तर काही धागे तुटतात. यालाच आपण ओढ बसणे किंवा उसण भरणे म्हणतो. थोडे धागे तुटले तर दुखते, पण ताकद जात नाही. एक ते तीन आठवड्यांत आराम पडतो. बरेच धागे तुटले तर सूज येते, कधी काळेनिळे होते आणि महिना-दीड महिना जातो. स्नायू पूर्ण तुटणे मुलांत क्वचितच घडते.

खेळानुसार जागाही ठरलेल्या असतात. वेगवान गोलंदाजाची दुखापत बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूस, खालच्या बरगड्यांजवळ होते. उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्याची डावी कूस दुखते. भालाफेक करणाऱ्यालाही हाच त्रास होतो. कबड्डी आणि कुस्ती खेळणाऱ्यांची कूस वळताना आणि पिळताना दुखावते. फुटबॉल खेळणाऱ्यांच्या जांघेत, जिथे पोटाचे आणि मांडीचे स्नायू एकाच हाडाला येऊन मिळतात तिथे, ओढ बसते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले आणखी एका कारणाने दुखणे ओढवून घेतात. वर्षभर काही करायचे नाही आणि जाहिरात निघाली की पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे जोर-बैठका व पोटाचे व्यायाम काढायचे. दुसऱ्या दिवशी हसतासुद्धा येत नाही. एकदम जास्त व्यायाम केल्याने येणारा हा आखडलेपणा चार-पाच दिवसांत जातो. मात्र अशा व्यायामानंतर लघवी चहासारखी गडद होऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा होत असल्याची ती खूण असू शकते.

वाढत्या वयातील वेगळी गोष्ट

मुले म्हणजे लहान आकाराची मोठी माणसे नव्हेत. तेरा ते सतरा या वयात हाडे वाढत असतात. स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथे कूर्चेचा मऊ थर असतो आणि या वयात तो स्नायूपेक्षाही नाजूक असतो. त्यामुळे मोठ्या माणसात जिथे स्नायूचे धागे तुटतील, तिथे मुलात कधी कधी स्नायू हाडाचा लहान तुकडाच उपटून काढतो. शर्यतीची सुरुवात करताना किंवा चेंडूला जोराने लाथ मारताना कमरेच्या पुढच्या बाजूस, जांघेच्या वर 'कट्' असा आवाज झाल्यासारखे वाटले आणि मुलगा तिथेच थांबला, तर 'ओढ बसली' म्हणून सोडून देऊ नये. एक्स-रे काढावा. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. काही आठवडे कुबड्या आणि विश्रांती पुरते. पण न ओळखता पळत राहिल्यास दुखणे महिनोन् महिने रेंगाळते.

पळताना बरगडीखाली येणारी कळ

पळताना बरगडीच्या खाली, बहुधा उजव्या बाजूला, टोचल्यासारखी कळ येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत ती जाते, हा अनुभव बहुतेक सर्वांना आहे. हे दुखणे निरुपद्रवी आहे. त्याच्या नेमक्या कारणाविषयी तज्ज्ञांत अजून एकमत नाही. परंतु भरल्या पोटी पळणे आणि पळण्याआधी गोड सरबत पिणे यांमुळे ते वाढते, हे दिसून आले आहे. जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्यावेत. पाणी एकदम तांब्याभर न पिता घोटघोट प्यावे. कळ आली की वेग कमी करून, किंचित पुढे वाकून, दुखऱ्या जागी हात दाबून खोल श्वास घ्यावा. विश्रांतीनंतरही तास-दोन तास तशीच दुखत राहिली, तर मात्र ती ही कळ नव्हे.

भिंत की आत? एक सोपी चाचणी

कार्नेट नावाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९२६ साली एक चाचणी सांगितली. तिला कोणतेही यंत्र लागत नाही आणि आजही आम्ही ती रोज वापरतो.

मुलाला उताणे झोपवावे. सर्वात जास्त दुखणारी जागा त्याला एका बोटाने दाखवायला सांगावी. त्या जागी हलक्या हाताने दाबून किती दुखते ते विचारावे. मग हात छातीवर घेऊन, डोके आणि खांदे अंथरुणावरून थोडे उचलायला सांगावे. पोटाचे स्नायू आता ताठ झालेले असतात. याच स्थितीत त्याच जागी पुन्हा तेवढेच दाबावे.

दुखणे वाढले किंवा तेवढेच राहिले, तर ते बहुधा भिंतीचे म्हणजे स्नायूचे आहे. दुखणे कमी झाले, तर ते आतले असण्याची शक्यता जास्त. कारण ताठ झालेला स्नायू ढालीसारखा मध्ये येतो आणि दाब आतल्या अवयवापर्यंत पोहोचू देत नाही.

याच्या जोडीला काही प्रश्न विचारावेत. दुखणे नेमक्या कोणत्या हालचालीच्या वेळी सुरू झाले? स्नायूच्या दुखण्यात मुलगा तो क्षण सांगू शकतो. एक बोट ठेवून जागा दाखवतो की सगळ्या पोटावर तळहात फिरवतो? स्नायूचे दुखणे एका बोटाखाली सापडते. स्वस्थ पडल्यावर थांबते का? स्नायूचे थांबते आणि कूस बदलताना, उठून बसताना, शिंकताना पुन्हा येते. भूक कशी आहे? स्नायू दुखणारा मुलगा दोन भाकऱ्या खातो. आतले दुखणे असलेला ताटाकडे पाहतही नाही.

या चाचणीने अंदाज बांधता येतो, निदान होत नाही. लहान मुलांत ती फसते. पोटाला मार लागलेला असेल तर घरी दाबून पाहण्याचा प्रयत्न करूच नये. आणि पुढे दिलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एक जरी असेल, तर चाचणी काय सांगते याचा विचार न करता रुग्णालय गाठावे.

चुकवून चालणार नाहीत अशी चार दुखणी

पहिले अपेंडिक्स. शाळकरी आणि कॉलेजातल्या वयातच ते जास्त आढळते. दुखणे बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. भूक जाते, मळमळ होते, बारीक ताप येतो. मुलगा उजवी मांडी पोटाशी घेऊन पडून राहतो, चालताना वाकून लंगडतो. अपेंडिक्सच्या मागून मांडीकडे जाणारा एक स्नायू असतो आणि सूज त्याला लागली की पाय सरळ करताना दुखते. वर सांगितलेल्या मुलीचा घोटाळा इथेच झाला. जागच्या जागी लहानशी उडी मारायला सांगितली, तर असा मुलगा कळवळतो. अशा वेळी एरंडेल किंवा जुलाबाचे कोणतेही औषध देऊ नये, पोट चोळू नये, खायलाही देऊ नये. पहिल्या दिवशीच नेले तर उपचार सोपे असतात.

दुसरे, मुलांच्या वृषणाला पडणारा पीळ. याविषयी घराघरांत बोलले जात नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. बारा ते अठरा या वयात वृषण स्वतःभोवती फिरून त्याचा रक्तपुरवठा अचानक तुटू शकतो. खेळताना किंवा झोपेतही हे घडते. कळ पुष्कळदा ओटीपोटात जाणवते, उलटी होते, आणि मुलगा लाजून फक्त "पोट दुखतंय" एवढेच सांगतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचते. चोवीस तास उलटले तर ते वाचण्याची आशा फारशी उरत नाही. म्हणून ओटीपोट अचानक दुखू लागलेल्या प्रत्येक मुलाला वडिलांनी, मोठ्या भावाने किंवा शिक्षकांनी बाजूला घेऊन, "खाली दुखतंय का, सूज आहे का?" हे विचारलेच पाहिजे. क्रिकेटचा चेंडू लागल्यानंतरची कळ तासाभरात कमी झाली नाही, तरीही हीच घाई करावी.

तिसरे, मार लागल्यानंतरचा आतला रक्तस्राव. कबड्डीत गुडघा पोटात बसतो, दहीहंडीच्या थरावरून मूल पडते, सायकलवरून पडताना हॅण्डलचे टोक पोटात घुसते. बाहेर खरचटलेलेही नसते आणि आत प्लीहा म्हणजे पाणथरी, यकृत किंवा आतडे यांना इजा झालेली असते. डाव्या बरगडीखाली दुखणे आणि त्याबरोबर डाव्या खांद्यात कळ येणे ही पाणथरीच्या इजेची ओळखीची खूण आहे. चेहरा पांढरा पडणे, घाम फुटणे, चक्कर येणे, नाडी जलद होणे या रक्तस्रावाच्या खुणा होत. हा त्रास काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही सुरू होतो. नुकताच मलेरिया झालेल्या मुलाची पाणथरी वाढलेली असू शकते आणि थोड्या मारानेही ती फुटू शकते. मलेरियातून उठलेल्या मुलाला डॉक्टरांनी पोट तपासून परवानगी दिल्याशिवाय कबड्डी, कुस्ती, फुटबॉल खेळू देऊ नये.

चौथे, मुलींची दुखणी. पाळीच्या वेळी ओटीपोटात दुखणे सर्वांना माहीत आहे, आणि तेवढ्याने खेळ बंद करण्याचे कारण नाही. परंतु एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या होणे हे अंडाशयाला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते. त्यालाही तातडीची शस्त्रक्रिया लागते. पाळी चुकलेली असताना पोट दुखत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. मुलीबरोबर आईने किंवा शिक्षिकेने असावे आणि मुलीला मोकळेपणाने बोलू द्यावे.

याशिवाय जांघेत खोकताना फुगवटा दिसत असेल, तर तो अंतर्गळ असू शकतो. तो आत जात नसेल, दुखत असेल आणि उलट्या होत असतील, तर तेही तातडीचे दुखणे समजावे.

थोडक्यात, उलट्या, ताप, दगडासारखे कडक किंवा फुगलेले पोट, लघवीतून अथवा शौचातून रक्त, चक्कर, मार लागल्याचा इतिहास, झोपेतून उठवणारी कळ किंवा सहा तास उलटूनही वाढतच जाणारे दुखणे यांपैकी काहीही असेल, तर वाट पाहू नये. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

स्नायूचेच दुखणे असेल तर

डॉक्टरांनी तपासून स्नायूचा ताण ठरवला, की उपचार साधे आहेत. फक्त धीर हवा. पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. घरात बर्फ नसेल तर माठातल्या गार पाण्याची घडी ठेवावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक, तेलमालीश आणि चोळणे टाळावे. तुटलेल्या धाग्यांतून रक्त झिरपत असते, चोळल्याने ते वाढते. 'बेंबी सरकली' म्हणून पोट मळून घेणे किंवा बिब्बा लावणे यांनी काहीच साधत नाही. बिब्ब्याने कातडी भाजते ती वेगळीच! डॉक्टरांनी वयाप्रमाणे सांगितलेली पॅरासिटामॉलची गोळी चालते. पण कारण कळलेले नसताना घरी गोळ्या देत दिवस काढणे आणि दुखणे दाबणारे इंजेक्शन घेऊन मुलाला मैदानात उतरवणे, या दोन्ही गोष्टी घातक आहेत.

विश्रांती म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. दुखत नाही एवढे चालावे. दुखणे ओसरल्यावर उताणे झोपून श्वास सोडत पोट हलकेच आत ओढावे, दहा आकडे मोजावेत आणि सोडावे. हे सहज जमू लागले की कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरण्याचा व्यायाम, मग डोके-खांदे उचलणे, मग हळू पळणे आणि सर्वांत शेवटी वळणे, फेकणे, जोराने पळणे असा क्रम ठेवावा. ज्या पायरीवर दुखेल तिथून एक पायरी मागे यावे. खोकताना, शिंकताना, झोपेतून एकदम उठताना दुखत नाही आणि एक आठवडा पूर्ण सराव दुखण्याविना झाला, तरच सामना खेळावा. अर्धवट बरा झालेला स्नायू त्याच जागी पुन्हा तुटतो आणि दुसऱ्या वेळी जास्त दिवस घेतो.

क्रीडाशिक्षकांना दोन शब्द

खेळाआधी दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करणे, व्यायाम दर आठवड्याला थोडाथोडाच वाढवणे, पोटाबरोबर पाठीचेही व्यायाम घेणे, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी देणे आणि मुलांना आठ-नऊ तास झोप मिळते का हे विचारणे, एवढ्याने बऱ्याच दुखापती टळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, "सर, दुखतंय," असे म्हणणाऱ्या मुलाला 'नाटकं करतोस' असे उत्तर मिळू नये. एकदा ते उत्तर मिळाले, की पुढच्या वेळी मुलगा सांगतच नाही आणि आमच्याकडे येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

तो कबड्डीपटू त्या वर्षी जिल्हा स्पर्धेला मुकला. डोळ्यांत पाणी आणून बसला होता. पुढच्या वर्षी तो संघाबरोबर विभागीय स्पर्धेला गेला. लांब उडीची मुलगी चार महिन्यांनी पुन्हा मैदानावर आली, पण ते वर्ष तिच्या हातून गेले. दोघांच्या दुखण्याची सुरुवात "पोट दुखतंय" या दोन शब्दांनीच झाली होती. ते शब्द कानावर आले की, 'परवा सामना आहे', हे क्षणभर विसरावे आणि मुलाला खाली बसवून, कुठे, केव्हापासून आणि कसे दुखते, हे शांतपणे विचारावे.